कानबाई दिसत नाही

शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मयुरीने भिंतीशी चौरंग ठेवला, चौरंगावर कानबाई बसवली, आणि बांधकामाचा पडदा बंद करून ती घरात शिरली. चौरंग होता. समई होती, समईखालची पितळी ताटली होती, समोर अंथरलेल्या सतरंज्या होत्या. कानबाई नव्हती.

तिने पुन्हा बांधकामाचा पडदा उघडला. कानबाई जागच्या जागी होती. नारळावरचे डोळे, नथ, हिरवं लुगडं, वरचा फुलांचा मांडव, सगळं ठाकठीक. घरात शिरली की भिंत मोकळी.

हे घर खरं नव्हतं. संगणकावरच्या एका खेळातलं होतं. घरं बांधायची, त्यात माणसं वसवायची आणि ती कशी राहतात ते बघायचं, एवढाच तो खेळ; मयुरी कॉलेजात असल्यापासून खेळत आली होती. पण या वेळचं घर मनाने बांधलेलं नव्हतं. धुळ्यात देवपूरच्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिने आणि तिच्या आईने, लताबाईंनी, फ्लॅट घेतला होता. ताबा श्रावणाच्या आधी मिळणार होता. सध्या जिन्याला कठडे नसल्यामुळे वर कुणाला सोडत नव्हते. म्हणून मयुरीने बिल्डरने दिलेल्या नकाशातली मापं घेऊन तो फ्लॅट खेळात उभा केला होता, खोलीला खोली आणि दाराला दार.

चार वाजता भाऊबंद येणार होते. पारोळ्याहून भाईदास नाना आणि शेवंता अक्का, पिंपळनेरहून प्रेमराज काका आणि कामिनी काकू. नाना भाऊबंदकीत सगळ्यांत मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. ठरवायचं एकच होतं: यंदापासून कानबाई, भाऊबंदकीची ही श्रावणातली देवी, कुणाकडे बसायची.

आजवर ती लताबाईंकडे बसत आली, कारण मयुरीचे वडील भावांमध्ये थोरले. ते गेल्यावरही दोन श्रावण ती इथेच बसली. पूजेला प्रेमराज काका आणि कामिनी काकू पिंपळनेरहून यायची. नागपंचमीनंतरचा रविवार आला की या घरात पाय ठेवायला जागा नसायची. सुरतेहून, नाशकाहून माणसं उतरायची, बायका रात्रभर गाणी म्हणायच्या, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई पांझरा नदीवर विसर्जनाला जायची. वर्षातले उरलेले दिवस लताबाई एकट्या. मयुरी जळगावला पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात नोकरीला, आठवड्याला एक चक्कर. आता हे भाड्याचं घर पाडायला निघालं होतं आणि प्रेमराज काकांनी सरळपणाने विचारलं होतं की, वहिनी, तिसऱ्या मजल्यावर सगळी भाऊबंदकी कशी मावणार. आमचा हॉल मोठा आहे, अंगण आहे. नानांनाही ते पटल्यासारखं दिसत होतं. कानबाई पिंपळनेरला गेली की माणसंही पिंपळनेरला जाणार, हे लताबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

नानांना नकाशा वाचता येत नाही. घर मात्र डोळ्यांनी बघता येतं. मयुरीने त्यावर सगळी भिस्त ठेवली होती.

"आली का?" लताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"येते आहे," मयुरी म्हणाली आणि तिने जळगावला अफरीनला फोन लावला.

अफरीन तिच्याच विभागात, शेजारच्या टेबलावर. खेळाच्या कंपनीने दिलेल्या सामानात सोफे आहेत, पियानो आहे, नाताळचं झाड आहे. चौरंग नाही की समई नाही. तेव्हा खेळणारे आपलं सामान आपणच तयार करतात आणि त्याच्या फाइली खेळाच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकतात. अफरीन यात तरबेज होती. तिच्या अब्बांचं जळगावात लाकडी फर्निचरचं दुकान आहे; चौरंगाचे पाय तिने त्या दुकानातल्या लेथवर कातलेल्या पायांसारखे हुबेहूब काढले होते. कानबाईचा आकारही तिनेच केला, मयुरीने पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या फोटोंवरून. रंग मयुरीने भरले. नाव, वर्णन वगैरे रकाने भरून फाइल तयार करायचं काम मयुरीकडे होतं. ते तिने गुरुवारी ऑफिसातून आल्यावर उरकलं आणि खेळात मात्र आज पहिल्यांदा घातलं. ही चूक तिला आत्ता चांगलीच जाणवत होती.

अफरीनने डॉक्टरासारखे प्रश्न सुरू केले. बाहेरचं सामान चालू ठेवायची खूण केली आहेस ना? केली होती, नाहीतर समई तरी कशी दिसली असती. फाइल झिपमध्येच तर राहिली नाही? नाही. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, असं तर नाही? नाही. जुना साठा पुसलास? मयुरीने तो पुसला, खेळ बंद करून पुन्हा चालू केला. चालू व्हायला त्याला चांगलाच वेळ लागायचा. तेवढ्या वेळात तिने दोन्ही हातांची बोटं मोडली, उठून पंखा वाढवला, परत कमी केला.

घर उघडलं. भिंत मोकळी.

अफरीनचा दुसरा संशय आकारावर होता. खेळात प्रत्येक वस्तूचे दोन आकार लागतात, एक जवळून बघायचा, एक लांबून बघायचा. लांबचा राहून गेला की वस्तू मागे सरकताच नाहीशी होते. तिने आपल्याकडची फाइल उघडून पाहिली. दोन्ही आकार होते.

"माझ्या बाजूने चोख आहे," ती म्हणाली. "तुमचा रोट मला आजवर एकदा मिळाला नाही, तरी चौरंगाची घडण बघ. बाहेरच्या माणसाचं काम आहे."

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, तो भाऊबंदकीच्या बाहेर देत नाहीत. चार वर्षं श्रावणात अफरीन हे टोचत आली होती आणि मयुरी दर वर्षी तिला त्याऐवजी खांडवी नेऊन देत होती. आज मयुरीला हसू आलं नाही.

मग उरला तो सगळ्यांत कंटाळवाणा उपाय. गुरुवारी खेळाच्या कंपनीने नवी आवृत्ती सोडली होती, आणि नवी आवृत्ती आली की जुन्या फाइली एकमेकींच्या पायात पाय घालतात. नेमकी कोणती फाइल घोळ करते हे शोधायचं तर निम्म्या बाहेर काढायच्या, खेळ चालू करायचा, बघायचं; मग उरलेल्यांतल्या निम्म्या काढायच्या, पुन्हा बघायचं. मयुरीने निम्म्या फाइली डेस्कटॉपवर ओढल्या. घर उघडलं तेव्हा सतरंज्या गेल्या होत्या, खिडक्यांना पडदे नव्हते आणि हॉलमध्ये उभ्या असलेल्या दोन बायकांना केस नव्हते. कानबाईही नव्हती. तिने दुसरी निम्मी काढून पाहिली. बायकांना केस आले, समई गेली, कानबाई नाहीच. शेवटी तिने सगळ्या फाइली परत जागेवर टाकल्या.

लताबाई हात पुसत बाहेर आल्या. शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनी मांडल्या, मग त्या बरोबर नाहीत म्हणून पुन्हा मांडल्या. लॅपटॉपकडे त्यांनी थेट बघितलं नाही.

"मयू, नसेल जमत तर राहू दे. मी तोंडाने सांगेन."

"तोंडाने सांगितलेलं नाना ऐकतील?"

लताबाईंनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, मग ते लवकर होतंय म्हणून गॅस बंद केला.

तीन वाजता प्रेमराज काका आणि कामिनी काकू आली, ठरल्या वेळेच्या तासभर आधी, कारण कुसुंब्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. काका मयुरीच्या मागे खुर्ची घेऊन बसले. माणूस मुळात भला. त्यांनी पडद्यावरचं घर बघून कौतुक केलं, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते विचारलं, आणि मग म्हणाले की, देवी नाही दिसली तर नाही दिसली, आपण मनात समजून घेऊ. मयुरीला त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. मोकळी भिंत नानांना दाखवली तर नानांना मोकळी भिंतच दिसणार होती.

पावणेचारला तिने पुन्हा फोन केला. या वेळी अफरीनने घाई केली नाही. तिने मयुरीला गुरुवारी भरलेले रकाने एकेक करून वाचून दाखवायला सांगितले. नाव, कानबाई. वर्णन, रिकामं. रंग, एक. प्रकार, सणाची सजावट.

"थांब. प्रकार काय?"

"सणाची सजावट."

"का?"

मयुरीला प्रश्नच कळला नाही. कानबाई आणखी कशात घालणार? गुरुवारी त्या यादीत फर्निचर होतं, दिवे होते, चित्रं होती, शोभेच्या वस्तू होत्या. तिचं बोट न थांबता सणाच्या सजावटीवर गेलं होतं. घरोघरी कानबाई रविवारी बसते, एक रात्र राहते आणि सोमवारी जाते. उरलेलं वर्ष नारळ लाल कापडात, कपाटात. बाराही महिने चौरंगावर मांडलेली कानबाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

"मयुरी, सणाची सजावट खेळ स्वतःच आवरून ठेवतो," अफरीन म्हणाली. "सण नसला की पेटीत. नाताळचे दिवे नाही का जात? तुझी फाइल बरोबर चालते आहे. तुझ्या घरात आज सण नाहीये, बस."

मागून काकांनी विचारलं, काय म्हणते. फाइल बदलून नव्याने करायला वेळ नव्हता, पण खेळाच्या कॅलेंडरवर नवा सण टाकता येत होता. तिने आजच्या तारखेवर सण टाकला, नाव दिलं, खेळातली वेळ संध्याकाळची ठेवली म्हणजे समईचा उजेड नीट पडेल, आणि घरात शिरली. भिंतीशी कानबाई बसलेली होती. मांडवाची फुलं, नथ, हिरवं लुगडं. कामिनी काकूंचे हात आपसूक जोडले गेले.

लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

नाना आणि अक्का चारला दहा कमी असताना पोहोचले. चहा झाला, पारोळ्याच्या बाजारात कापसाच्या बियाण्याला काय गर्दी होती त्याची चौकशी झाली. मयुरीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. नानांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बराच वेळ बघितलं. मग त्यांनी काठीने टीव्हीकडे दाखवत एकेक विचारायला सुरुवात केली. दार कोणत्या तोंडाला? पूर्वेला. भिंतीमागे काय? स्वयंपाकघर, संडास नव्हे. तेवढ्यावर त्यांची मान हलली.

"बठ्ठा लोके मावतीन का आठे?"

मयुरीने याचीच तयारी केली होती. खेळ एका वेळी घरात वीसच माणसं घेतो. तिने वीसच्या वीस आत बोलावली आणि सतरंज्यांवर बसवली. बसून झाल्यावरही भिंतीकडे दोन ओळींची जागा मोकळी राहिली. अक्का पुढे वाकून ती माणसं मोजायला लागल्या. मग एका बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या की ही आपली सुरतवाली दिसते, हिचं तोंड तसंच फुगलेलं आहे. सगळे हसले. लताबाईही हसल्या, तोंडावर पदर घेऊन.

नानांना एकच शंका राहिली. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बाई निघते, तेव्हा दारात तिला वाकावं लागता कामा नये. तिसऱ्या मजल्याचा जिना, लिफ्ट, ते पुढचं, आधी दार. मयुरीने सांगितलं की दार सात फुटांचं आहे. नाना म्हणाले, दाखव.

दाखवायचं तर खेळातलं घड्याळ चालू करणं भाग होतं. तिने ते केलं. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन हॉलमधून निघाली, वाटेत बसलेल्या माणसांना वळसा घालत दाराशी गेली आणि ताठ मानेने बाहेर पडली. नानांनी पुन्हा एकदा चालवायला सांगितलं. ती पुन्हा गेली. मग काकांनी विचारलं की लिफ्टमध्ये टोपलीसकट बाई मावेल का, त्यावर कामिनी काकू म्हणाल्या की लिफ्टने कशाला, आम्ही जिन्याने नेऊ, तीन मजल्यांचं काय मोठं. मयुरीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकू आपल्या बाजूने बोलत होत्या. बोलणं त्यावर वाढत गेलं, गाणारणींना कुठे बसवायचं, वाजंत्री खाली थांबतील की वर येतील. लताबाई मधेच म्हणाल्या की वाजंत्री खालीच बरे, आणि नानांनी तेही मान्य केलं. खेळातलं घड्याळ एका सेकंदाला एक मिनिट पळत होतं, आणि ते थांबवायचं राहून गेलं होतं.

खेळात बारा वाजले, तारीख बदलली, सण संपला. चौरंग होता, समई जळत होती, वीस माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. चौरंगावर काही नव्हतं.

पहिल्यांदा ते अक्कांना दिसलं.

"माय, तिले कोनी उठाडं?"

मयुरीने घड्याळ थांबवलं, पण त्याने काही परत येणार नव्हतं. ती समजावून सांगू लागली की हे खेळाचं आहे, सणाचा दिवस संपला की खेळ सजावट आपली आपणच उचलून ठेवतो, त्यात दुसरं काही नाही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्याने ते आणखी वाईट होत चाललंय.

"आपोआप?" नानांनी विचारलं.

"हो नाना. आपोआप."

"गाणं नही, आरती नही. नदीवर नही."

काका मधे पडले. म्हणाले, नाना, खेळातलं ते, मनावर काय घ्यायचं.

"खेळातलंच दखाडाले बलायं ना आमले?" नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मयुरीने कॅलेंडरवर हात नेला. दुसऱ्या दिवशीही सण टाकला की कानबाई परत दिसली असती, पाच सेकंदांचं काम. अक्कांनी तिचा हात धरला आणि मान हलवली. गेलेली असं परत बोलवायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

नानांनी थंड झालेला उरलेला चहा संपवला. सुरतेच्या दोन घरांना विचारल्याशिवाय आपण काही बोलणार नाही, उद्या सकाळपर्यंत काय ते कळवू, असं सांगून ते उठले. निघताना त्यांनी लताबाईंना घर चांगलं घेतलं म्हणून सांगितलं. ते टीव्हीवरच्या घराबद्दल होतं की खऱ्या, हे कुणाला कळलं नाही. काकांनी दोघांना गाडीतून बस स्टँडवर सोडलं आणि तिथूनच काका-काकू पिंपळनेरला निघाली.

मयुरीने अफरीनला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली की प्रकार बदल, फर्निचरमध्ये टाक, ती तिथून कधीच हलणार नाही. फाइल तिने स्वतःच करून पाठवायचीही तयारी दाखवली. मयुरीने फोन हातात धरूनच हे आईला विचारलं.

लताबाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. "वर्षभर बसवून ठेवायची?" त्या म्हणाल्या. "मग बोलवायचं कुणाला?"

मयुरीने अफरीनला नंतर बोलते म्हणून सांगितलं. मग फाइलीचे रकाने उघडले, प्रकारावर बोट नेलं, काढलं, पुन्हा नेलं. बाहेर लताबाई खुर्च्या शेजारी परत करून आल्या आणि विनाकारण एकदा फाटकापर्यंत जाऊन आल्या.

सात वाजता पारोळ्याहून मोनालीचा फोन आला. मोनाली ही नानांची नात. नाना आणि अक्का अजून तुमच्याकडेच आहेत का, असं तिने विचारलं. पाचच्या सुमाराला निघालेली माणसं सहा-सव्वासहाला घरी पोहोचायला हवी होती. मयुरीने काकांना फोन केला. स्टँडवर पारोळ्याच्या गाडीजवळ सोडलं, असं काका शपथेवर सांगत होते. ते स्वतः पिंपळनेरला पोहोचले होते आणि त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं.

साडेसातला मोनालीनेच पुन्हा कळवलं की नानांचा फोन लागला. दोघं धुळ्यातच आहेत, बरे आहेत, रात्री इथेच मुक्काम करून सकाळी देवपूरची खरी इमारत खालून तरी बघणार आहेत. कुणाकडे, हे विचारण्याआधी त्यांनी फोन ठेवला.

धुळ्यात भाऊबंदकीचं दुसरं घर नाही. म्हणजे येतील ते इथेच, असं धरून लताबाईंनी दोन गाद्या काढून ठेवल्या आणि भात थोडा जास्तीचा लावला. आठ वाजून वीस मिनिटांनी मयुरीने नानांचा नंबर लावला तेव्हा तो बंद होता, आणि फाटक कुणी वाजवलेलं नव्हतं.